ठेस्यावरचं अंडं

मेक्सिकोतला शेतमजूर आणि आपल्या वऱ्हाडातला शेतमजूर यांच्या न्याहारीत फरक आहे तो एका अंड्याचा. तिकडे तव्यावर मक्याची पातळ भाकर, तिच्यावर फोडलेलं अंडं, वरून भाजलेल्या टमाटर-मिरचीची कुटलेली चटणी आणि शेजारी शिजवलेला राजमा. इकडे ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेसा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि उरलंच असेल तर रात्रीचं बेसन. तिकडच्या त्या पदार्थाला ‘वेवोस रांचेरोस’ म्हणतात. अंधारात उठून गुरांचं आणि शेताचं पहिलं काम उरकलेल्या माणसांना ऊन चढू लागलं की मिळायची ती ही न्याहारी. शहरातल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर ती पुढे गेली, पण तिची चव आजही राबणाऱ्या माणसाच्या भुकेची आहे. म्हणूनच ती मला परकी वाटत नाही.

ही न्याहारी करायला अकोल्यात कुठलंही मोठं दुकान शोधावं लागत नाही. भाजीबाजारात टमाटर आहेत, सांभार आहे, शिमला मिरची आहे. हिरवी मिरची तर आपल्याच भागाची मिळते. अमरावती जिल्ह्यात वरूडजवळच्या राजुरा बाजारला मिरचीचा बाजार रात्री भरतो. दिवसा तोडलेला माल अंधार पडल्यावर तिथे येतो आणि उजाडायच्या आत गाड्यांतून दूरदूरच्या शहरांकडे निघतो. आपल्या सकाळच्या ठेस्यामागे कुणाची तरी अशी रात्रभराची जाग असते.

चार माणसांसाठी पाच-सहा लाल, पिकलेले टमाटर घ्यावेत. तीन हिरव्या मिरच्या, एक कांदा दोन फाका करून, लसणाच्या सात-आठ पाकळ्या सालासकट. लोखंडी तवा कडक तापवायचा आणि तेलाचा थेंबही न टाकता हे सगळं त्याच्यावर मांडायचं. टमाटरची साल काळी पडून फुटली पाहिजे, मिरचीवर फोड आले पाहिजेत, कांद्याची कापलेली बाजू करपट झाली पाहिजे. इथे घाई करणाऱ्याला या पदार्थाचा सगळा स्वाद गमवावा लागतो, कारण धुरकट गोडवा तव्यावरच तयार होतो, नंतर कुठला मसाला टाकून तो येत नाही. मग खलात आधी जाडं मीठ, जिरं आणि सोललेला लसूण, त्यानंतर मिरची, मग कांदा आणि सर्वांत शेवटी टमाटर. मिक्सरमध्ये फिरवलं तर त्याचा गुलाबी फेस होतो. कुटलं तर प्रत्येक घासात कधी मिरची, कधी कांदा वेगवेगळा लागतो.

मेक्सिकोतल्या बायकाही हे असंच करतात. त्यांचा खल तीन पायांचा, काळ्या सच्छिद्र बसाल्ट दगडाचा असतो. आपल्याकडचा पाटा-वरवंटाही बसाल्टचाच. ज्या लाव्हाच्या थरांतून दख्खनचं पठार झालं, त्याच काळ्या दगडाची झीज होऊन आपली काळी कापसाची माती तयार झाली. दोन्हीकडच्या बायकांनी ज्वालामुखीचा दगड घरात आणला आणि त्याच्यावर मिरची वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं. कुणी कुणाला शिकवलेलं नाही. मिरची हाताशी आल्यावर माणसाला जे सुचलं, ते दोन्हीकडे एकच सुचलं.

पुढचं काम पाच-सात मिनिटांचं आहे. कढईत दोन चमचे तेल, त्यात उभी चिरलेली शिमला मिरची, मूठभर मक्याचे दाणे, हिवाळा असेल तर मेथी किंवा पालक. भाजी जरा मऊ पडली की कुटलेली चटणी आणि वाटीभर पाणी ओतायचं. त्याला उकळी आली की सराट्याने चार खळगे करायचे, प्रत्येकात एक अंडं फोडायचं, आच मंद करून झाकण ठेवायचं. पांढरं घट्ट आणि पिवळं थोडं ओलसर असं अनेकांना आवडतं. लहान मुलं आणि गरोदर बाई खाणार असतील तर मात्र पिवळंही पूर्ण शिजू द्यावं. तेवढ्यात दुसऱ्या तव्यावर कालची भाकर दोन्हीकडून कडक करून घ्यायची. मेक्सिकोत शिळ्या भाकरीचे तुकडे चटणीत मुरवून त्याची न्याहारी करतात, आपण फोडणीची भाकर करतो. राजम्याच्या जागी रात्रीची उकडलेली बरबटी चालते, मला तर तीच जास्त आवडते. वरून सांभार, लिंबू, आणि घरात असेल तर घट्ट दही.

या कढईत जे जमलं आहे त्याच्या प्रवासाचा विचार मी सकाळी पुष्कळदा करते. मिरची, टमाटर, मका आणि राजमा ही मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं जोपासलेली पिकं. मका तर सुमारे ९,००० वर्षांपूर्वी बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाच्या गवतापासून घडला. त्या गवताच्या कणसाला जेमतेम डझनभर कडक दाणे असतात. पिढ्यान् पिढ्या चांगलं कणीस निवडून त्याचंच बी पेरणाऱ्या माणसांनी त्याचा आजचा मका केला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यावर आली, आणि आज ठेस्याशिवाय वऱ्हाडी माणसाचं जेवण होत नाही. टमाटर बराच उशिरा, इंग्रजांच्या काळात रुळला.

उलट दिशेनेही तेवढंच गेलं. कांदा, लसूण, सांभार, जिरं, लिंबू हे सगळं स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत पोचलं. कोंबडीही तशीच गेली. १५१९ साली एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, त्याआधी तिथल्या लोकांकडे टर्की होती, कोंबडी नव्हती. कोंबडी माणसाळली ती आग्नेय आशियात, लाल रानकोंबड्यापासून. पण तिच्या पिवळ्या कातडीचा आणि पिवळ्या पायांचा गुण आला तो करड्या रानकोंबड्याकडून, हे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. करडा रानकोंबडा हा भारताचा पक्षी. आपल्या मेळघाटात पहाटे तो ओरडतो. म्हणजे मेक्सिकोतल्या मजुराच्या ताटातलं अंडं मूळ आपल्या बाजूचं आणि आपल्या ताटातला ठेसा मूळ त्यांच्या बाजूचा. आणि तरी अंडं राहिलं त्यांच्या न्याहारीत, आपल्याकडे भाकरीबरोबर उरला नुसता ठेसा.

खाण्यापुरतीच ही देवाणघेवाण नाही. आज वऱ्हाडात पेरला जाणारा बहुतेक कापूस गॉसिपियम हिर्सुटम या प्रजातीचा आहे, आणि तिचंही मूळ मेक्सिकोकडचं. आपला जुना गावरानी कापूस, गॉसिपियम आर्बोरियम, आखूड धाग्याचा होता पण पाण्याची ओढ सोसणारा होता. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याचे एकेए नावाचे वाण सुधारून जपले आहेत, तरी शेतात राज्य आहे ते २००२ पासून आलेल्या बीटीचं. ज्या बाया सकाळी ओटी बांधून कापूस वेचायला निघतात, त्यांची मिरची मेक्सिकोची आणि त्या वेचतात तो कापूसही मेक्सिकोच्याच कुळातला.

वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड संपतं. त्या पलीकडच्या वर्ध्याचा एक मुलगा स्वतः मेक्सिकोला गेला होता. पांडुरंग खानखोजे. इंग्रजांविरुद्ध लढायचं म्हणून देश सोडला, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर पक्षाच्या उभारणीत होते, इराणच्या बाजूने भारतात शिरायचा प्रयत्न केला. परतीचा रस्ता बंद झाला तेव्हा १९२४ च्या सुमारास मेक्सिको गाठलं आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवू लागले. तिथे त्यांनी मक्यावर काम केलं. तेओसिंतेशी संकर करून जास्त कणसं देणारा मका काढायचा प्रयत्न केला, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा उघडल्या. छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी त्या कामाची छायाचित्रं काढली. दिएगो रिवेरा यांनी शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची भाकर’ अशा अर्थाचं चित्र रंगवलं, त्यात टेबलाच्या मध्यभागी भाकर मोडून वाटणारा माणूस आहे. तो चेहरा खानखोजेंचा. स्वातंत्र्यानंतर ते परतले, नागपूरला राहिले आणि १९६७ साली तिथेच गेले.

आपल्या शाळांच्या पुस्तकांत मला ते कधी भेटले नाहीत याचं फार वाईट वाटतं. बंदूक हाती घ्यायला निघालेल्या माणसाने उरलेलं आयुष्य कणसाचे दाणे वाढवण्यात घालवलं, आणि तेही परक्या देशातल्या गरिबांसाठी. भाकर मोडून वाटणं हे त्यांच्या चेहऱ्याला शोभलं, कारण त्यांनी ते खरंच केलं होतं.

त्या चित्रातल्या टेबलावरून मी माझ्या ताटाकडे येते, कारण भाकरीने पोट भरतं पण तेवढ्याने अंग भरत नाही, हे मक्याने जगाला शिकवलं आहे. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजत ठेवतात, मग धुऊन वाटतात. त्याने दाण्याचं साल सुटतं, कॅल्शियम वाढतं आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपने मका नेला, चुन्याची रीत नेली नाही. इटलीतले, स्पेनमधले मक्यावर जगणारे गरीब शेतमजूर पेलाग्राने आजारी पडले. कातडी सोलायची, जुलाब व्हायचे, डोकं भ्रमायचं.

आपल्याकडे हा आजार मक्याविना दिसला. दख्खनमधल्या, जवळजवळ फक्त ज्वारीवर दिवस काढणाऱ्या मजुरांमध्ये पेलाग्रा आढळत होता. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीत जास्त असणाऱ्या ल्युसिनशी जोडला. ज्वारी हे मोठं गुणी धान्य आहे, मी तिच्यावरच वाढले. पण तिला सोबत लागते. वरण, बेसन, दूध, दही असं काहीतरी रोज बरोबर असेल तर काळजी नाही. ते नसेल तर तिच्याबरोबर नुसता ठेसा पुरत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि त्यांत ट्रिप्टोफॅन असतं, ज्यातून शरीर स्वतःच नायसिन बनवतं. ठेस्यावर अंडं फोडलं की ज्वारीच्या भाकरीला हवी असलेली सोबत मिळते.

आमच्या वावरात वेचणीला येणाऱ्या एका बाईला मी एकदा विचारलं, घरी कोंबड्या आहेत तर अंडं का खात नाही? त्या हसून म्हणाल्या, “अंडं असलं तं पोट्ट्याले देतो वैनी. आपल्याले ठेसा-भाकर बेस हाय.” त्या सकाळी सात-आठला वावरात येतात, किलोवर मजुरी असल्याने मध्ये फारसं थांबत नाहीत, वाकून वाकून पाठ धरते. घरात जे चांगलं असतं ते आधी पोराला, मग धन्याला, आणि उरलं तर बाईला. या क्रमाने आपल्या किती पिढ्यांच्या बायांचं रक्त आटलं आहे, याचा हिशेब कुणी मांडला नाही. त्यांचं बोलणं ऐकल्यावर मला काही बोलता आलं नाही, आणि तेव्हापासून न्याहारीचा विचार मनातून गेला नाही.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे मुलांच्या कुपोषणाबद्दल आपण दर पावसाळ्यात वाचतो. तिथल्या कोरकूंच्या घरात मका जुना आहे, कोंबडीही आहे. राज्याने २०१५ साली आदिवासी भागांसाठी अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा बायांना रोज एक वेळचं पूर्ण जेवण आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी द्यायचं ठरलं. तिची अंमलबजावणी कधी बरी, कधी वाईट असते, पण योजनेमागची समज बरोबर आहे. बाईने ते जेवण अंगणवाडीतच बसून केलं तर ते घरी जाऊन वाटलं जात नाही. तेच शाळांच्या बाबतीत घडायला हवं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या मध्यान्ह भोजनात आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय झाला, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला आणि शाळांनी लोकवर्गणी करावी असं सांगण्यात आलं. आठवड्याचं एक अंडं! ते देणं या राज्याला अवघड नव्हतं, असं मला मनापासून वाटतं.

घरोघरी अंड्याविषयी वेगवेगळा भाव असतो, आणि मला त्याचा मान राखावासा वाटतो. आमच्याच घरी गुरुवार, एकादशी आणि अख्खा श्रावण अंडं शिजत नाही. सासूबाई आठवण देतात, “गुरुवार हाय वो आज, अंडं नोको चढवू.” शेगावच्या महाराजांचा वार आहे, मी चढवत नाही. अंड्याची कढई आणि सराटाही आमच्याकडे वेगळे आहेत. त्या दिवशी त्याच चटणीत पातोडीचे तुकडे सोडते. बेसनाची घट्ट पातोडी भाजलेल्या टमाटर-मिरचीच्या रश्श्यात इतकी छान मुरते की मेक्सिकोच्या माणसालाही ती आपलीच वाटावी. सासूबाई स्वतः अंडं खात नाहीत, पण वेचणीच्या दिवसांत डबे भरताना त्याच मला विचारतात की बायांसाठी अंडी पुरतील ना. त्यांच्या श्रद्धेने दुसऱ्याचा घास कधी अडवलेला नाही.

वावरात न्यायचं असेल तर मात्र खळग्यातलं ओलं अंडं उपयोगाचं नाही, डब्यात ते फुटून पाणी सुटतं. त्यासाठी चटणी कढईत आधी चांगली आटवून घ्यावी, तेल सुटेपर्यंत. मग माणशी दोन अंडी फोडून सराट्याने सतत हलवत कोरडी भुर्जी करावी. भाजी बारीक चिरावी, पालकाऐवजी कांद्याची पात घ्यावी, कारण पालक डब्यात ओल धरतो. मिरची नेहमीपेक्षा थोडी जास्त, थंडीच्या सकाळी ती लागते. ताज्या, मऊ भाकरीवर ही भुर्जी पसरून, उकडलेली बरबटी चमच्याने दाबून, भाकर दुमडून फडक्यात बांधावी. शिळी भाकर यासाठी घेऊ नये, दुमडताना मोडते. सकाळी सहाला केलेली ही न्याहारी थंडीच्या दिवसांत दहापर्यंत चांगली राहते. उन्हाळ्यात मात्र ती बांधून देऊ नये, घरूनच खाऊन निघावं. प्रत्येक बाईचं गाठोडं वेगळं बांधायचं, आणि ते धुऱ्यावर बसून आपल्यासमोरच सोडायला लावायचं.